नाव नसलेले बटण

श्रावणातल्या एका सोमवारी, भाताची लावणी आटोपून खाचरांतले पाणी निवळले होते आणि माणसांना दोन घटका बसून बोलण्याइतकी उसंत मिळाली होती अशा वेळी, मी कर्जतहून चौकच्या रस्त्याने निघाले, ती एका सहकारी पतसंस्थेच्या संकेतस्थळाची परीक्षा घेण्यासाठी. संस्थेचे सभासद कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत विखुरलेले. पूर्वी खातेउतारा हवा, मुदत ठेवीची पावती बदलून हवी, कर्जाचा अर्ज द्यावयाचा, की माणूस एस. टी.ने येऊन कारकुनाच्या मेजापुढे उभा राही, आणि ज्याला वाचता येत नसे त्याला कारकून मोठ्याने वाचून दाखवी. आता हे सारे व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर आणण्याचे संस्थेने ठरविले होते. ते तेथे आल्यावर कोणाच्या हाती लागतील आणि कोणाच्या हातून निसटतील, हे पाहून लेखी अहवाल देणे हे माझे काम होते. संस्थेचे नाव मी देत नाही. आपले दोष दाखवून घेण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांना त्याबद्दल चव्हाट्यावर उभे करणे मला प्रशस्त वाटत नाही.

या कामाचा पहिला भाग घरच्या मेजावरच होतो आणि तो बराचसा रुक्ष असतो. माउस बाजूला ठेवून केवळ टॅबच्या कळीने पानावरील एकेका ठिकाणी जाऊन पाहावयाचे, अक्षरे दुप्पट मोठी करून मजकूर एकमेकांवर चढतो की काय ते पाहावयाचे, आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्या तेजातील प्रमाण मोजावयाचे. पांढऱ्यावरील शुद्ध काळ्या अक्षराचे हे प्रमाण एकवीसास एक भरते. सामान्य आकाराच्या मजकुरासाठी ते साडेचारास एकाहून कमी नसावे, असा दंडक आहे. हे दंडक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1999 मध्ये प्रथम घालून दिले, 2008 मध्ये त्यांची नवी मांडणी केली आणि 2023 मध्ये त्यांत भर घातली. आपल्या शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 2009 पासून त्यांच्याच आधाराने चालत आली आहेत. बरीचशी तपासणी आता यंत्रही करते, आणि या पतसंस्थेच्या मुख्य पानाला यंत्राने जवळजवळ निर्दोष ठरविले होते. पण यंत्र पाहते ते एवढेच, की चित्राला पर्यायी शब्द दिलेले आहेत किंवा नाहीत. ते शब्द कोणते, हे त्याला कळत नाही. अर्ज पुढे पाठविण्याचे जे हिरवे, बाण काढलेले बटण होते, त्याला कोणी तरी ‘प्रतिमा 3’ असे शब्द देऊन ठेवले होते, आणि यंत्राने ते विनातक्रार मान्य केले होते.

हे बटण डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसापाशी कसे पोचते, ते मी त्या सोमवारी ऐकले. कर्जतजवळच्या एका गावातील, जन्मापासून अंध असलेला एक पदवीधर तरुण आपला लॅपटॉप घेऊन आला होता. त्याच्याजवळचा स्क्रीन रीडर म्हणजे एनव्हीडीए हा विनामूल्य कार्यक्रम; मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 साली तो आरंभिला आणि जेम्स तेह या दुसऱ्या अंध सहकाऱ्यासह पुढे वाढविला. पडद्यावरचा मजकूर हा वाचक-कार्यक्रम बोलून दाखवितो, तेही इतक्या द्रुत गतीने की माझ्या कानाला केवळ भुंग्याची गुणगुण ऐकू येत होती. मी विनंती केल्यावर कर्जतच्या त्या तरुणाने गती उतरविली. पाने मराठीत होती, परंतु पानाच्या आरंभी, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, भाषा कोणती हे एम आणि आर या दोन अक्षरांनी नोंदवावयाचे असते, तेथे इंग्रजीची नोंद तशीच राहून गेली होती. त्यामुळे वाचकाचा इंग्रजी आवाज मराठी शब्दांपाशी येऊन मुका होत होता. तरुणाने हाताने मराठी आवाज लावला, तेव्हा कोठे पान बोलू लागले. जगातला ‘ज’ आणि जगण्यातला ‘ज’ हे दोन्ही तो आवाज एकाच पद्धतीने उच्चारतो, पण त्याची त्या तरुणाला सवय झालेली आहे.

“लिहिण्याची चौकट, रिकामी,” आवाज म्हणाला. पुन्हा टॅब. “लिहिण्याची चौकट, रिकामी.” पुन्हा तेच. चौकटीत काय लिहावयाचे, खाते क्रमांक की जन्मतारीख, हे चौकटीबाहेर रंगीत अक्षरांत लिहिले होते, पण त्या अक्षरांचा चौकटीशी संबंध कोणी जोडलेला नव्हता. तालुक्यांची यादी सबंध महाराष्ट्राची घेतली होती आणि तीत कर्जत दोनदा आले होते. एक रायगडातले आणि दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातले. डोळस माणूसही तेथे अडखळला असता. तरुण दोनदा ‘कर्जत’ ऐकून थांबला आणि अंदाजाने पहिले निवडून पुढे गेला. ते अहिल्यानगरचे, म्हणजे चुकीचे होते. शेवटी ‘प्रतिमा 3’ आले. त्याने ते ओलांडले, पानाच्या तळापर्यंत जाऊन आला, आणि मग सावकाश मला विचारले, “मॅडम, अर्ज पाठवायचा कुठून?”

मी उत्तर दिले नाही. या कामात सर्वांत अवघड असे काही असेल तर ते हे. समोरचा माणूस अडला असता, आणि उत्तर आपल्या ओठांवर असता, वहीत वेळ टिपून गप्प बसावयाचे. कारण उद्या तो एकटा असेल तेव्हा त्याच्या शेजारी आपण असणार नाही. मी आजवर पुष्कळ परीक्षा घेतल्या, पण या मौनाचा मला सराव झालेला नाही, आणि तो होऊ नये असेच वाटते.

कर्जाच्या नियमांपाशी आम्ही आलो तेव्हा मात्र त्यानेच कळ सोडून दिली. नियमांची पुस्तिका डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसत होती, आणि वाचक तिच्यातून इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रास ओतीत होता. याचे कारण मराठी छपाईच्या इतिहासात आहे. संगणकावर देवनागरी प्रथम आली त्या काळात अनेक छापखान्यांनी आणि कचेऱ्यांनी जे फाँट वापरले, त्यांत इंग्रजी अक्षराच्या क्रमांकाच्या जागी देवनागरी अक्षराचे चित्र बसविलेले असे. जुन्या जुळाऱ्याच्या लाकडी पेटीत ‘ए’च्या खणात ‘क’चा खिळा ठेवावा, तसा हा प्रकार, छापून आलेल्या कागदावर काहीच उणे दिसत नाही, पण खण चाचपून वाचणाऱ्याला ‘ए’च सापडतो. भारतीय लिप्यांसाठी 1991 मध्ये इस्की हे प्रमाण ठरले, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला तिचे स्वतःचे क्रमांक मिळाले, आणि तरीही जुन्या फाँटात जुळविलेला मजकूर आजतागायत दप्तरादप्तरांतून फिरत आहे. मला याचे मनापासून दुःख होते. कारण ज्या भाषेत ज्ञानेश्वरांनी अमृताशीही पैज जिंकतील अशी रसिक अक्षरे मेळविण्याची प्रतिज्ञा केली, त्या भाषेचा मजकूर तिच्याच एका लेकराच्या कानी कचरा होऊन पडावा, आणि त्याचे निवारण एका दिवसाच्या रूपांतराने होण्यासारखे असूनही कोणी ते करू नये, ही उपेक्षा केवळ यंत्राची नाही.

तरुणाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या कोष्टकात बसणारी नव्हती. पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा, अशी अट जेथे असते, तेथे त्याला दुकानदाराकडे जावे लागते, आणि दुकानदाराला आपला पासवर्ड सांगावा लागतो. “माझ्या खात्यात किती आहेत, हे माझ्या आईला ठाऊक नाही, पण दुकानदाराला ठाऊक आहे,” तो म्हणाला.

दुपारी खालापूर तालुक्यातील एका ठाकूरवाडीतून बचत गटाच्या अध्यक्षा आल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, हिशेबाला चोख, आणि फोन वापरण्यात माझ्याहून चपळ. गटाच्या कर्जाचा अर्ज त्यांनी झरझर भरला, तळाशी ‘जतन करा’ आणि ‘सादर करा’ अशी दोन बटणे होती त्यांतले पहिले दाबले, आणि फोन खाली ठेवला.

“झालं, ताई?” मी विचारले.

“झालं. संस्थेनं जतन केला ना अर्ज.”

जतन या शब्दाचा त्यांचा अर्थ शुद्ध आणि जुना होता. पुढच्या सालासाठी बियाणे जतन करतात, कागदपत्रे ट्रंकेत जतन करतात. जी वस्तू जतनास दिली ती योग्य हाती पोचली, तिची चिंता मिटली. अर्ज मात्र त्यांच्याच फोनमध्ये अपुरा पडून राहिला होता आणि आठ दिवसांनी पुसला जाणार होता. मला स्वतःला संस्कृतप्रचुर मराठीची गोडी आहे आणि ती मी लपवीत नाही. तरी त्या दिवशी वहीत मी लिहिले की या ठिकाणी ‘अर्धवट ठेवा, नंतर भरू’ आणि ‘अर्ज संस्थेला पाठवा’ अशी सरळ वाक्ये असावीत, मग ती बटणावर दोन ओळी व्यापोत.

जेकब नील्सन या उपयुक्ततेच्या अभ्यासकाने 2000 साली असे मांडले, की पाच माणसांना वापरावयास दिल्याने बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. हिशेब त्याच्या परीने बरोबर आहे, आणि वेगळ्या गटांसाठी वेगळी माणसे घ्यावीत हेही त्याने सांगितलेले आहे. पण वेगळे गट म्हणजे किती, याची कल्पना मला चौकच्या रस्त्यावरच आली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, बोटांना कुळवाच्या रुमण्याचे घट्टे पडलेले आणि हात किंचित कापणारे एक भातशेतकरी त्या दिवशी शेवटी बसले. बटणाचा आकार निदान चोवीस पिक्सेल लांब व तितकाच रुंद असावा, असे 2023 चे दंडक सांगतात. येथे दोन बारीक बटणे एकमेकांना चिकटून होती आणि बाबांचा अंगठा दोन्हींवर एकदम पडे. त्यांनी तीन वेळा खाते उघडण्याचा यत्न केला. घाटाखालच्या त्या पट्ट्यात पावसाळी दिवशी रेंज येते-जाते; सहा आकडी संदेश उशिरा आला, तो पाहण्यासाठी ते पान सोडून गेले, चष्मा पुसून आकडे तोंडाने घोकीत परत आले, तोवर मुदत संपलेली होती.

“आकडा आला नि गेला,” ते शांतपणे म्हणाले. “बाई, आमचा हात काय त्याच्यासारखा धावत नाय.”

अशा मुदतीविषयीचा दंडक मला फार माणुसकीचा वाटतो. वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी, एका साध्या क्रियेने ती वाढवून घेण्यास निदान वीस सेकंद द्यावेत, आणि अशी वाढ निदान दहा वेळा मिळावी. मी तो वाचून दाखविला तेव्हा संस्थेच्या तरुण तंत्रज्ञाने मान खाली घालून आपल्या वहीत टिपून घेतला.

कायद्याचा आधार आता पुरेसा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 यात माहितीच्या साधनांची सुगम्यता आलेली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. अहवालात मी दोन्ही उल्लेख केले. त्यांच्या वरती मात्र, पहिल्या पृष्ठावर, चार नोंदी केल्या: बटणाला नाव नाही, चौकटीला नाव नाही, जतन म्हणजे पाठविणे असा समज होतो, मुदत वाढवून मिळत नाही.

मार्गशीर्षात झोडणी उरकल्यावर मी पुन्हा गेले. पुस्तिका युनिकोडमध्ये आली होती. दोन कर्जतांपुढे आपापले जिल्हे लागले होते, आणि बाणाचे हिरवे बटण आता ‘अर्ज संस्थेला पाठवा’ असे स्पष्ट बोलत होते. या संकेतस्थळावरची वेडीवाकडी अक्षरे अजून काढलेली नव्हती. त्यांसाठी तंत्रज्ञाने आणखी महिन्याची मुदत मागितली, आणि तोवर त्याच पानावर दूरध्वनीने ओळख पटविण्याची सोय केली. श्रावणात ज्या तरुणाने चाळीस मिनिटांनी अर्ज सोडून दिला होता, त्याने तो अकरा मिनिटांत पाठविला.

बाबाही आले होते. त्यांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी खाते उघडले, आणि मग फोन त्या तरुणाच्या हाती देऊन म्हणाले, “तुझ्या यंत्राला वाचू दे मोठ्यानं. मला ऐकायचंय.” तरुणाने त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि फोनमधला वाचक सुरू केला. शिल्लक वाचून झाली, ठेवीची तारीख झाली, आणि मग त्या सपाट, निर्विकार आवाजाने नामनिर्देशित व्यक्ती म्हणून एका स्त्रीचे नाव घेतले.

बाबा काही क्षण बोलले नाहीत. “ती जाऊन सहा वर्सं झाली,” ते म्हणाले. “तिचंच हाय होय अजून?”

कागदावर ते नाव इतकी वर्षे बारीक अक्षरांत छापून येत होते.

“बदलायचं का, बाबा?” तरुणाने विचारले.

“लेकीचं घाल.”

तरुणाने अर्ज उघडला. नव्या नामनिर्देशित व्यक्तीचे नाव, लिहिण्याची चौकट, असे फोनने सांगितले. “सासरचं घालू का माहेरचं?” या प्रश्नापाशी बाबा विचारात पडले, आणि शेजारी बसलेल्या नातवाच्या फोनवरून त्यांनी लेकीला लावायला सांगितले. घंटा वाजत राहिली. इतक्यात मुदत संपत आल्याची सूचना आली. तरुणाने पडद्यावर बोट दोनदा टेकवून ती वाढवून घेतली, आणि पलीकडून आवाज येईपर्यंत आम्ही सारे थांबलो.