वाढती बीजकोशग्रंथी आणि रुग्णेची चिंता

स्त्रीबीजकोशात गाठ असल्याचे सोनोग्राफीच्या अहवालात वाचले की रुग्णेच्या मनात पहिला विचार कर्करोगाचाच येतो. पुढील तपासणीत ती ‘वाढली’ असे दिसल्यास तिची झोप उडते. ‘डॉक्टरसाहेब, गोळा वाढून राह्यला, कॅन्सर तं नसन ना?’ हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातील वैद्यांस नवा नाही. प्रस्तुत लेखात गाठीच्या औषधापेक्षा या प्रश्नाच्या उत्तराचा विचार करावयाचा आहे. ते नीट न मिळाल्यास रुग्णा एकतर घाईने शस्त्रक्रियेस तयार होते, किंवा भीतीपोटी तपासणीच टाळते.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास अग्रस्थान दिले आहे. विमानस्थानात अतिचिंतन हे रसवह स्रोतसांच्या दुष्टीचे कारण सांगितले आहे. आर्तव तर रसाचाच उपधातू. तेव्हा अरुची, अनिद्रा, पाळी मागेपुढे होणे ही लक्षणे गाठीची की चिंतेची, हे पाहणे आपलेच काम आहे. मात्र ‘तुम्ही काळजी करता म्हणून गाठ झाली’ असे रुग्णेस कदापि सांगू नये. त्यास आधार नाही, आणि तिच्या दुःखात अपराधाची भर पडते.

‘वाढली’ म्हणजे किती, हे प्रथम पाहावे. मागील अहवालात ३६ मि.मी. आणि आता ४० मि.मी. एवढा फरक यंत्र, तपासणारा हात किंवा पाळीचा दिवस बदलल्यानेही पडू शकतो. बीज सुटण्यापूर्वीचा प्राकृत कोशच सुमारे २० मि.मी.चा असतो, हेही अनेकींना ठाऊक नसते. म्हणून शक्यतो त्याच केंद्रात, पाळी संपताच तपासणी करवावी व दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. पातळ भिंतीच्या, केवळ द्रव असलेल्या साध्या गाठी बहुधा दोन-तीन ऋतुचक्रांत आपोआप विरतात. (आपल्या औषधाचे यश मोजतानाही हे ध्यानी ठेवलेले बरे!) ब्रिटनमधील रॉयल कॉलेजच्या २०११ च्या मार्गदर्शनानुसार पाळी सुरू असलेल्या स्त्रीत ५ से.मी.पेक्षा लहान साध्या गाठीस सहसा पुनर्तपासणीही लागत नाही. ५ ते ७ से.मी.च्या गाठीची दरवर्षी सोनोग्राफी करावी आणि त्याहून मोठीसाठी पुढील तपासणी अथवा शस्त्रक्रियेचा विचार करावा.

धीर देणे म्हणजे सर्वच गाठी निरुपद्रवी म्हणणे नव्हे. गाठीत घन भाग, जाड पडदे, उदरात पाणी, किंवा पाळी गेल्यानंतर वाढणारी गाठ असेल तर रुग्णेस विलंब न करता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. सीए-१२५ चा आकडा ३५ च्या वर गेला म्हणजे कर्करोग झाला, असेही नाही. तरुण स्त्रीत एंडोमेट्रिओसिस, क्षय, एवढेच काय पाळीच्या दिवसांतही तो वाढतो. अकस्मात तीव्र ओटीपोटशूळ व वांती झाल्यास बीजकोशास पीळ पडल्याची शंका घ्यावी. तेथे काढे, गोळ्या देत बसू नये. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतून खामगाव वा अकोला गाठेपर्यंत वेळ जातो, म्हणून ही लक्षणे घरच्या मंडळींस आधीच सांगून ठेवावीत.

पाळी चुकली असल्यास प्रथम गर्भधारणेची मूत्रपरीक्षा करावी. गर्भाशी साम्य असणाऱ्या रक्तगुल्माची चिकित्सा दहा महिने लोटल्यावर करावी, असे चरकांनी सांगितले, त्यामागे हीच सावधगिरी दिसते. आज मात्र दहा महिने अंधारात थांबण्याचे कारण उरलेले नाही.

भीतीचे मोल किती असते, ते आपल्या राज्याने पाहिले आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या सर्वेक्षणात ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ या धास्तीने तयार झालेल्या स्त्रिया त्यांत होत्या.

सत्त्वावजय येथे नुसत्या ‘काळजी करू नका’ने साधत नाही. गाठीचे चित्र कागदावर काढून दाखवावे, पुढील तपासणीची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी, कोणत्या लक्षणांत त्याआधी यावे तेही लिहावे. दोन तारखांच्या मधल्या काळात दर आठवड्यास सोनोग्राफी करून घेण्यापासून तिला परावृत्त करावे. शक्य तर पती वा सासूबाईंसही सोबत बोलवावे. घरातली कुजबुज रुग्णेस आकड्याहून अधिक जाळते.

औषध दुकानदार बंधूंकडे हीच स्त्री अहवाल न दाखवता ‘गाठ विरघळवणारी गोळी’ मागते. कांचनार गुग्गुळाचा डबा पुढे करण्यापूर्वी तिला वैद्याकडे पाठवावे. स्त्रीरोग व अर्बुदे बरी करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधी व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे. तशी पत्रके कंपनीच्या प्रतिनिधीने आणून दिली तरी काउंटरवर ठेवू नयेत.