वाजविलेलें आणि लिहिलेलें

वादक वाजवितो आणि वाजविलेलें हवेंत विरून जातें. तें वाजतां वाजतांच कागदावर उतरवून घेणारें यंत्र असावें, ही हौस जुनी आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या मुखपत्रांत १७४७ सालीं क्रीड नांवाच्या एका धर्मोपदेशकाची अशा यंत्राची योजना छापून आली होती.

आज ही हौस मिडी नांवाच्या पद्धतीनें पुष्कळशी भागते. निरनिराळ्या कारखान्यांच्या विद्युत्-वाद्यांना एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून ती १९८३ सालीं रूढ झाली. तिच्यांत नाद साठविला जात नाहीं. कोणत्या क्रमांकाची पट्टी किती जोरानें दाबली, केव्हां दाबली आणि केव्हां सोडली, एवढीच नोंद होते. पियानोच्या मधल्या ‘सी’चा क्रमांक ६०. काळ मोजण्यासाठीं एका मात्रेचे पुष्कळदां ४८० अंश करतात.

ही नोंद म्युझस्कोरसारख्या संगणक-प्रणालीला देऊन पंचरेषांवरील स्वरलिपि मागितली, कीं हातीं येणारें पान पाहून अनेकांचा विरस होतो. वाजविलेलें असतें साधें गीत. पानावर मात्र स्वरांचे तुकडे, त्यांना जोडणाऱ्या कमानी आणि मधून मधून कणभर विराम यांचें जंजाळ! नवशिक्या बिचारा समजतो, आपला हातच बेताल आहे, आणि नोंद बाजूला टाकून देतो. वास्तविक दोष हाताचा नसतो. संगणकानें फाजील प्रामाणिकपणा केलेला असतो.

चार मात्रांवर चार स्वर वाजविले, तर हिशेबानें ते ०, ४८०, ९६० आणि १४४० या अंशांवर पडावेत. मनुष्याचीं बोटें ते ०, ४८७, ९५१ आणि १४५२ वर पाडतात. कानाला हें क्वचितच खटकतें. लिपींत मात्र हें जसेंच्या तसें उतरलें तर वाचणें अशक्य. म्हणून प्रत्येक स्वर जवळच्या ठराविक खुणेवर ओढून घ्यावा लागतो. पाव मात्रेच्या, म्हणजे १२० अंशांच्या खुणा घेतल्या, तर वरचे चारही स्वर नेमके जागेवर बसतात. पंडित भातखंडे यांनीं गायकांकडून ऐकून शेंकडों चिजा लिहिल्या, तेव्हां त्यांनींही गळ्याचा प्रत्येक हेलकावा कागदावर आणला नाहींच.

पण या ओढण्यांतही एक खोडी आहे. एका मात्रेंत सारखे तीन स्वर ०, १६० आणि ३२० अंशांवर येतात. खुणा १२० अंशांच्या असल्या, तर ते ०, १२० आणि ३६० वर जाऊन बसतात, आणि सारखी चाल लंगडी होऊन आंखूड, लांब, आंखूड अशी उमटते. खुणा बारीक करून भागत नाहीं; मात्रेचे तीन भाग करण्याची मुभा प्रणालीला निराळी द्यावी लागते.

याहून मोठी अडचण लयीची. ताल न धरतां मनमोकळें वाजविलें, तर नोंदींत खरी मात्रा कोठें, हें संगणकास कळत नाहीं. वेगळें सांगितलें नसेल तर मिनिटाला १२० मात्रा, असें तो गृहीत धरतो. मग एकही खंड जागेवर येत नाहीं. यास्तव ठोका कानांत ठेवून वाजवावें. तें रुचत नसेल, तर नोंद पुन्हां ऐकत मात्रा हातानें ठोकून दाखवावी. कांहीं प्रणालींत तशी सोय असते.

उरलेली दुरुस्ती जाणत्याचीच. क्रमांक ६६ म्हणजे पेटीवाल्यांची काळी तीन. ती ‘एफ शार्प’ लिहावी कीं ‘जी फ्लॅट’, हें क्रमांक सांगत नाहीं. रचना कोणत्या स्वराची, यावरून तें ठरतें. डाव्या-उजव्या हातांची वांटणीही यंत्र बहुधा मधल्या ‘सी’पाशीं करून मोकळें होतें; डाव्या हाताची तान वर चढली कीं ती उजव्याच्या गळ्यांत पडते!

मूळ नोंदीची प्रत मात्र जपून ठेवावी. खुणांवर ओढलेल्या स्वरांतून वादकाची मूळ लय परत मिळत नाहीं. पान तयार झालें, कीं ती रचना कधीं न ऐकलेल्या एखाद्या वादकापुढें तें ठेवावें. तो जेथें अडखळेल, तेथें आणखी दुरुस्ती हवी.