बांधीसकट प्रथिन

धानाची बांधी म्हणजे काय, हे भंडारा जिल्ह्यातील श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. धुरा फुटला की पाणी वाहून जाते आणि उभे पीक वाळते. सजीवांच्या पेशीतही असाच एक प्रकार आहे, आणि त्याने शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे अडवून धरले होते.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचे दुपदरी पटल असते. त्याची जाडी सुमारे 5 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. या पटलात रोवलेली प्रथिने ही पेशीची दारे आणि तिचे पंप होत. आपण घेतो त्यांपैकी निम्म्याच्या आसपास औषधे अशा प्रथिनांवरच काम करतात. तेव्हा त्यांची घडण जाणणे ही केवळ पंडितांची हौस नव्हे.

परंतु पटल पाण्यात विरघळत नाही. म्हणून साबणाच्या जातीची द्रव्ये घालून प्रथिन सुटे करीत. त्यात भोवतालचे स्निग्ध रेणूही धुऊन निघत आणि कित्येक प्रथिने आपला मूळ आकार सोडून देत. धुरा फोडून पीक पाहावयास जाण्यासारखेच हे झाले.

2009 साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी यावर एक युक्ती दाखविली. स्टायरीन (ज्यापासून थर्मोकोल बनते) आणि मलेइक आम्ल यांचे रेणू साखळीसारखे जोडून त्यांनी एक बहुवारिक घेतले. त्यातील स्टायरीनचा भाग स्निग्ध रेणूंत शिरतो, आम्लाचा भाग पाण्याकडे तोंड करतो. हे बहुवारिक पटलावर घातले की सुमारे 10 नॅनोमीटर रुंदीच्या चकत्या कापल्या जातात आणि तेच प्रत्येकीच्या कडेला धुऱ्यासारखे बसते. प्रथिन आपल्या बांधीसकट बाहेर येते!

याचे फळ काय? आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूपाशी एसीआर-बी नावाचा पंप असतो. आत शिरलेले प्रतिजैविक तो बाहेर फेकतो. 2018 साली अमेरिकेतील संशोधकांनी हा पंप अशाच चकतीत धरला, गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा भोवतालच्या स्निग्ध रेणूंची मांडणीही दिसून आली. औषधांना न जुमानणारे जंतू वाढत असता हे ज्ञान मोलाचे आहे.

युक्ती निर्दोष नाही. कॅल्शियम वा मॅग्नेशियम अधिक असल्यास हा धुरा ढासळतो. म्हणून नवी बहुवारिके तयार होत आहेत. पण एक गोष्ट आपण ध्यानात ठेवावी: वस्तू ओळखावयाची तर तिला तिच्या जागेपासून तोडून भागत नाही.