लिमिट स्विचची वायर तुटली तर?

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये जुनी सीएनसी सुरू केली की ऑपरेटर आधी होमिंग करतो. तुमच्या लॅबमधल्या जीआरबीएलवरच्या छोट्या मशीनलाही तेच लागतं. वीज गेली की स्टेपर मोटर कुठे होती हे कंट्रोलरला माहीत नसतं. होम स्विच त्याला शून्य बिंदू देतो. लिमिट स्विचचं काम वेगळं: अक्ष टोकाला गेला की थांबवणं.

आता खरा प्रश्न. स्विच ‘नॉर्मली ओपन’ जोडलाय आणि वायर तुटली, तर कंट्रोलरला पत्ताच लागत नाही. सगळं ठीक आहे असं समजून तो गँट्री टोकावर आदळू देतो. ‘नॉर्मली क्लोज्ड’मध्ये सर्किट कायम जोडलेलं असतं. स्विच दाबला जावो वा वायर तुटो, सर्किट तुटतं आणि मशीन थांबतं. म्हणून क्लोज्डच जोडा, सेटिंगमध्ये $5=1 करा. (दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर मात्र हेही पकडत नाही!)

स्पिंडलच्या वायरीला खेटून स्विचची वायर नेली तर खोटे अलार्म येऊ शकतात. मग वैतागून $21=0 करून लिमिटच बंद करायचा मोह होतो. त्यापेक्षा वायर लांबून न्या, शील्डेड केबल वापरा.

स्पिंडल बंद, $21=1 ठेवून प्रत्येक स्विचची एक वायर काढून बघा. अलार्म आला नाही, तर जॉब लावू नका.