पिकअपच्या पाठीला चुंबळ



पाण्याची भरलेली घागर डोक्यावर घ्यायची, तर आधी चुंबळ लागते. लुगड्याचा नाहीतर धोतराचा जुना धडपा पिळून, गोल वळून केलेली ती साधी वस्तू. चुंबळीने घागरीचे वजन गुंजभरही कमी होत नाही. पण तेच वजन मऊपणाने टेकते, जास्त जागेवर पसरते आणि डोके वाचते. आज आपल्याला अशीच एक चुंबळ करायची आहे. मात्र ती डोक्यासाठी नव्हे, तर रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या पिकअप गाडीच्या पाठीसाठी.

गावोगाव आता पिकअप दिसते. २००५ साली ‘टाटा एस’ ही छोटी मालगाडी निघाली आणि लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवून टाकले. त्याच्याहून थोरल्या पिकअप गाड्याही आल्या. दूध डेअरीला न्यायचे, टोमॅटोच्या जाळ्या मार्केट यार्डात पोचवायच्या, खताची पोती आणायची, सगळे हिच्यावर. पण बैलाला गोठा असतो, तसा हिला कुठे असतो? घरासमोरची गल्ली अरुंद, अंगणात जागा नाही. तेव्हा गाडी रात्रभर रस्त्यावर उभी राहते आणि दिवसा बाजाराच्या गर्दीत. तिथे कोणीतरी आपली गाडी मागे घेताना हिला ठोकर देतो आणि निघून जातो. सकाळी पाहावे तर मागची बत्ती फुटलेली, नंबरप्लेट वाकलेली, फाळक्याची बिजागरी आखडलेली. बँकेचा हप्ता चालूच असतो; त्यात हा खर्च. शिवाय मागची बत्ती गेली म्हणजे केवळ काच गेली असे नव्हे. त्या रात्री अंधारात मागून येणाऱ्याला आपली गाडी दिसण्याचे साधनच गेले.

आता ही ठोकर म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ. समजा, बाराशे किलो वजनाची एक मोटार ताशी पाच किलोमीटर वेगाने मागे येत आहे. हा वेग म्हणजे माणसाची झपझप चाल. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वेगाने काय होणार? तर हिशेब असा, की ह्या वेगाने येणारी गाडी थांबवणे म्हणजे तीच गाडी सुमारे दहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंच, उंचीवरून खाली पडताना झेलण्यासारखे आहे. बाराशे किलोचे ओझे चार इंचांवरून बत्तीवर आदळले, तर बत्ती काय राहील?

हे ओझे किती अंतरात थांबते, ह्यावर सगळे अवलंबून आहे. लोखंड लोखंडावर आदळले आणि एका सेंटिमीटरात गाडी थांबली, तर सरासरी दाब तिच्या वजनाच्या जवळजवळ दहापट पडतो. म्हणजे बारा टन! तीच गाडी पाच सेंटिमीटर दबत दबत थांबली, तर दाब वजनाच्या दुपटीवर येतो. म्हणजे सुमारे अडीच टन. आपली पिकअप जागची हलली नाही असे धरून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण मर्म त्यात आले. चार सेंटिमीटर जास्त मिळाले की ठोकरीचा जोर एक पंचमांश होतो. ही चार सेंटिमीटरे मिळवणे, एवढेच आपल्या चुंबळीचे काम.

ही युक्ती काही नवी नाही. मुंबईला गेटवे ऑफ इंडियाजवळच्या लाँचींच्या अंगाला जुने टायर लोंबताना तुम्ही पाहिले असतील. लाँच धक्क्याला लागते, टायर दबतो, लाकूड वाचते. रेल्वेच्या जुन्या डब्यांच्या टोकांना असत ते बफरही त्याच कामाचे. अमेरिकेत तर १९७३ च्या मोटारींपासून असा नियम झाला, की पुढून ताशी आठ आणि मागून ताशी चार किलोमीटरच्या ठोकरीत दिवे वगैरे सुरक्षिततेची साधने शाबूत राहिली पाहिजेत. पण तो नियम बैठ्या मोटारींसाठी होता; पिकअप गाड्यांना तो लागू नव्हता. तात्पर्य, पिकअपच्या मालकाला आपल्या गाडीच्या पाठीची काळजी स्वतःच घ्यावी लागते.

ठोकर बसली की पहिला विचार मनात येतो तो लोखंडाचा. ‘वेल्डिंगवाल्याकडून जाड पाइप मारून घेऊ, मग येऊ दे कोण येतो ते!’ थांबा. ह्यात तीन अडचणी आहेत. एक, घट्ट जोडलेला पाइप दबत नाही. तो सगळा जोर थेट चासीकडे पोचवतो. बत्ती वाचली आणि चासी वाकली, तर तो सौदा तोट्याचाच. दुसरी, असा बाहेर आलेला पाइप नेमका माणसाच्या गुडघ्याशी आणि लहान मुलाच्या छातीशी येतो. तिसरी अडचण कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. मोटारींना लावलेल्या अशाच लोखंडी गार्डांवर कारवाई करा, असे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलेले आहे. म्हणून आपला पट्टा रबराचा हवा आणि सोडता-बांधता येणारा हवा. गाडी उभी केली की बांधायचा, निघताना सोडून हौद्यात टाकायचा. गाडीत कायमचा काही बदल नाही.

आता कृती सांगतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा बाद झालेला टायर घ्या. घेताना तो नायलॉनचा आहे ना, हे पंक्चरवाल्याकडून खात्री करून घ्या. रेडियल टायरच्या आत पोलादी तारा असतात; कापल्यावर त्यांची टोके बाहेर येतात आणि हातापायात घुसतात. तो टायर ह्या कामाचा नाही.

टायरच्या आतल्या काठात तारेचे कडे असते. ते सोडून बाजूची भिंत दोन्हीकडून गोल कापा. मात्र धावेला लागून दोन-दोन इंच भिंत राहू द्या. सुरीला साबणाचे पाणी लावले म्हणजे रबर सुरळीत कापले जाते. सुरी नेहमी आपल्या अंगापासून दूर ओढावी आणि मुलांना ह्या कामाला लावू नये. मग तो गोल एका जागी आडवा तोडून उलगडा. सात फुटांच्या आसपास लांब, पन्हळीसारखा पट्टा हाती येईल. पिकअपच्या मागच्या रुंदीला तो पुरतो. आपल्या गाडीचे माप घेऊन जास्तीचा भाग काढून टाका.

ह्या पन्हळीचे तोंड गाडीकडे आणि धावेची बाजू बाहेर, अशा रीतीने पट्टा मागच्या लोखंडी आडव्या पट्टीवर बसवायचा. आतली पोकळी महत्त्वाची आहे, कारण दबायला जागा तिथेच मिळते. पोकळीत जुन्या ट्यूबची भेंडोळी सैलसर भरा. चिंध्या, काथ्या किंवा गवत भरू नका. ते पाणी धरून ठेवते आणि लोखंड गंजते. दोन्ही काठांना हातभर अंतरावर भोके पाडून त्यांतून नायलॉनची दोरी ओवा आणि पट्टा आवळून बांधा. नुसता लोंबता ठेवला तर ठोकर बसताच तो बाजूला सरकेल. पाठीशी भक्कम लोखंड असेल तरच रबर दबते.

बांधून झाल्यावर एक परीक्षा घ्या. गाडीच्या बाजूला उभे राहून पाहा: सगळ्यांत मागे काय आले आहे? बत्तीपेक्षा, फाळक्याच्या कडीपेक्षा पट्टा तीन-चार इंच मागे आला असेल तर काम बरोबर झाले. बत्ती, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकता कामा नये. सायलेन्सरच्या नळीला रबर टेकू देऊ नये. स्टेपनी खाली असेल, तर ती काढायची वाट मोकळी ठेवावी.

एक गोष्ट आरोग्याची. जुन्या टायरमध्ये पावसाचे पाणी साचते आणि अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून पट्ट्याच्या खालच्या बाजूला, वीतभर अंतरावर, बोट जाईल एवढी भोके पाडा. सोडलेला पट्टा पालथा ठेवा. उरलेले टायरचे तुकडे जाळू मात्र नका. तो धूर विषारी असतो.

आता ह्या चुंबळीची मर्यादाही सांगितली पाहिजे. वेग दुप्पट झाला की ठोकर चौपट होते. ताशी पाच किलोमीटरला चार इंचांवरून पडणारी गाडी ताशी चाळीसला वीस फुटांवरून, दुमजली वाड्याच्या छपरावरून पडल्यासारखी होते. तिथे आपले टायर काय करणार? तसेच, उंच ट्रकचा बंपर ह्या पट्ट्याच्या वरून थेट फाळक्यावर येतो. पट्टा आहे तो बाजारातल्या आणि गल्लीतल्या हळू ठोकरींसाठी. भरधाव येणाऱ्यापासून राखण करायची, तर आपली गाडी त्याला लांबून दिसली पाहिजे.

आणि खरी धास्ती तिथेच आहे. अंधारात रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीवर मागून मोटारसायकल आदळते, तेव्हा बत्ती नव्हे, माणूस जातो. तेव्हा गाडीच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारी तांबडी पट्टी हवीच आणि ती चिखलाने माखलेली नको. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायला अर्धे मिनिट लागते. पट्टा बांधल्यावरही ती दिसते आहे ना, हे वीस-पंचवीस पावले मागे जाऊन बॅटरीच्या उजेडात पाहा. वळणावर, पुलाच्या तोंडाशी, चढाच्या माथ्यापलीकडे गाडी उभी करू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. उतारावर चाकाला दगड लावलात, तर निघताना तो उचलून कडेला टाका. रस्त्यात राहिलेला दगड रात्री कोणाच्या चाकाखाली येईल, सांगता येत नाही.

शिक्षकमित्रांनो, हा विषय वर्गात फार सोपा करून दाखवता येतो. खडूची एक कांडी टेबलाच्या उंचीवरून फरशीवर सोडा; बहुधा मोडेल. तशीच दुसरी कांडी चार घड्या केलेल्या गोणपाटावर सोडा, ती वाचेल. उंची तीच, खडू तोच. मग फरक कशाने पडला? उत्तर मुलांनाच शोधू द्या. झेल घेताना हात मागे का घेतो, घागरीखाली चुंबळ का असते, फळांच्या पेटीत गवत का घालतात, ही उदाहरणे ती आपणहून देतील. वरच्या वर्गातल्या मुलांकडून वेग आणि उंची ह्यांचा हिशेब करून घ्या. घरी पिकअप असलेला मुलगा किंवा मुलगी तो हिशेब त्या संध्याकाळीच घरी सांगेल, बरं का!

तर मंडळी, एक बाद टायर, दोन वाव दोरी आणि एक सकाळ, एवढ्यात ही चुंबळ तयार होते. तिने गाडीची पाठ राखली जाईल. पण पट्टा बांधायला खाली वाकाल, तेव्हा शेजारची तांबडी पट्टीही पुसायला विसरू नका. ती आपल्या गाडीसाठी नाही; रात्री उशिरा घरी परतणाऱ्या कोणाच्या तरी लेकरासाठी आहे.