शब्दामागील शास्त्र : धावरे

टाचेला भेग पडावी, तिच्याभोवतीची त्वचा तांबडी व ऊन व्हावी, आणि सकाळी घोट्याशी असलेली त्या लालीची उंचावलेली हद्द संध्याकाळी नडगीवर सरकावी, हे पाहणाऱ्यांनी या व्याधीस ‘धावरे’ असे धावण्याचे नाव दिले, हे यथार्थच होय. आयुर्वेदाने तोच पसरता स्वभाव ओळखून ‘विसर्प’ म्हटले. ‘एरिसिपेलस’ या ग्रीक नावाचा रूढ अर्थ मात्र वर्णावरून, ‘तांबडी त्वचा’ असा.

ही धाव घडते कशी? बहुधा स्ट्रेप्टोकॉकस जंतू भेगेतून दाखल होतात, आणि खेकड्यांनी पोखरलेल्या बांधातून पाणी शेजारच्या खाचरात शिरावे, त्याप्रमाणे पेशींना सांधणारे द्रव्य आपल्या विकरांनी विरघळवीत ते लसवाहिन्यांच्या मार्गे पुढे सरतात. संसर्ग त्वचेच्या वरच्या थरांत राहतो, म्हणूनच त्याची कड ठळक दिसते. १८८३ साली फेलायझेन या जर्मन वैद्याने या रोगाचे कारण हेच जंतू असल्याचे दाखविले. पेनिसिलिनने आज ही धाव थांबते. परंतु विलंब केल्यास जंतू रक्तात उतरू शकतात, म्हणून टाचांच्या भेगा व बोटांच्या बेचक्या यांची निगा हाच पहिला बंदोबस्त समजावा.