स्वसंरक्षणाचा तास फक्त मुलींचाच का?

कोलकात्याच्या न्यू मार्केट परिसरात ‘न्यू एम्पायर’ ही जुनी वास्तू आहे. आज तिची ओळख चित्रपटगृह म्हणून असली, तरी एके काळी तेथे नाटके होत. 1931 च्या मार्च महिन्यात रवींद्रनाथ टागोरांनी या रंगमंचावर कोलकातावासीयांना एक वेगळाच प्रयोग दाखविला. ते नाटक नव्हते, नृत्यही नव्हते. शांतिनिकेतनातील विद्यार्थ्यांनी सादर केलेली ज्युदोची प्रात्यक्षिके होती. संकोच आणि भय झुगारून देण्याचे आवाहन करणारे एक गीत कवीने त्या प्रसंगासाठी लिहिले होते.

या प्रसंगाची मला अलीकडे वारंवार आठवण होते. 9 ऑगस्ट 2024 रोजी याच शहरातील आर. जी. कर रुग्णालयात कर्तव्यावर असलेल्या तरुण महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. 14 ऑगस्टच्या मध्यरात्री हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. अशा प्रत्येक घटनेनंतर एक मागणी हमखास पुढे येते : मुलींना शाळेतच कराटे शिकवा. मागणी चुकीची नाही. ती अर्धवट आहे.

प्रशिक्षण मुळीच मिळत नाही, असेही नाही. कोलकाता पोलिसांचा ‘सुकन्या’ हा उपक्रम 2014 पासून शाळा-महाविद्यालयांतील मुलींना विनामूल्य स्वसंरक्षण शिकवितो. ‘तेजस्विनी’ ही त्यांचीच पाच दिवसांची कार्यशाळा आहे. केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचे प्रशिक्षण आहे. या सर्वांत दोन गोष्टी समान आहेत. ते सारे अल्पकाळाचे आहे आणि सारे मुलींसाठीच आहे.

इतिहासात डोकावले, तर यातला विरोधाभास लक्षात येतो. 1902 मध्ये कोलकात्यात अनुशीलन समिती स्थापन झाली, तेव्हा लाठी फिरविणारे हात तरुण मुलग्यांचे होते. सरलादेवी चौधुराणी या स्त्रीने स्वतःच्या घरी आखाडा चालविला, पण तेथेही शिकत होती मुलेच. त्याच सुमारास सखाराम गणेश देऊस्कर या बंगाली लेखणी चालविणाऱ्या मराठी माणसाने शहरात शिवाजी उत्सव सुरू केला. बंगाली पुरुष दुर्बळ आहे, हा इंग्रजांनी मारलेला शिक्का पुसण्याची ती धडपड होती. प्रश्न राष्ट्राच्या अब्रूचा होता, म्हणून लाठी मुलग्यांच्या हाती गेली. आज प्रश्न स्त्रियांच्या सुरक्षिततेचा आहे, म्हणून कराटेचा पोशाख फक्त मुलींना मिळतो.

या दोन टोकांच्या मध्ये शांतिनिकेतन उभे आहे. सानो जिन्नोसुके हे जपानी शिक्षक 1905 मध्ये तेथे आले. 1929 मध्ये टागोरांनी तोक्योच्या कोदोकान परंपरेतील शिन्झो ताकागाकी यांना पाचारण केले. त्यांच्याकडे मुलांबरोबर मुलीही शिकल्या. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांपैकी एक. या शिक्षणाला कोणा गुन्ह्याचे निमित्त नव्हते. गाणे आणि चित्रकला जशी शिक्षणाचा भाग, तसाच ज्युदो. मात्र ताकागाकी दोन वर्षांनी गेले आणि पुढे देशातील शाळांनी तो धागा उचलला नाही.

मग आजची शिबिरे निरुपयोगी आहेत काय? तसे मी म्हणणार नाही. कॅनडातील तीन विद्यापीठांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बारा तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थिनींमध्ये वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण 5.2 टक्के आढळले, तर केवळ माहितीपत्रके दिलेल्या विद्यार्थिनींमध्ये ते 9.8 टक्के होते. परंतु त्या बारा तासांत हाणामारीचा वाटा थोडा होता. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणे आणि ‘वाईट दिसेल’ या संकोचावर मात करून ठामपणे नकार देणे, यावर अधिक भर होता. टागोरांच्या गीताचा विषयही संकोच हाच होता, हा योगायोग मला बोलका वाटतो.

तरीही केवळ मुलींना शिकविण्यातून एक अप्रिय संदेश जातो : तुझी सुरक्षितता ही तुझीच जबाबदारी. आर. जी. करमधील ती डॉक्टर आपल्या कामाच्या ठिकाणी होती. तेथे तिला सुरक्षित ठेवणे संस्थेचे आणि शासनाचे कर्तव्य होते. तिला कराटे येत होते की नाही, हा प्रश्नच अश्लाघ्य आहे.

ज्युदोच्या वर्गात मुलग्यांनी बसावे, असे मला वाटते ते याच कारणाने. तेथे पहिला धडा पाडण्याचा नसतो, पडण्याचा असतो. आणि त्याइतकाच महत्त्वाचा नियम असा की, जोडीदाराने हाताने थाप मारली की तत्क्षणी पकड सोडायची. समोरचा ‘थांब’ म्हणाला की थांबायचे. का, असे विचारायचे नाही. वयात येणाऱ्या मुलग्याच्या अंगवळणी पडावा असा याहून मोलाचा धडा कोणता?

अर्थात घाईही नको. जपानने 2012 पासून माध्यमिक शाळांच्या कनिष्ठ वर्गांत युद्धकला सक्तीच्या केल्या, तेव्हा पालक धास्तावले होते. त्याआधीच्या तीन दशकांत तेथील शाळांत ज्युदो खेळताना शंभराहून अधिक मुले दगावली होती, अनेक जण डोक्याला मार लागून. कच्चा शिक्षक आणि कडक जमीन यांचे हे फलित. आपल्याकडे शारीरिक शिक्षणाचा तास बहुधा गणिताच्या उरलेल्या धड्यांसाठी वापरला जातो. माझ्या शाळेतही तेच होत असे. तो तास आधी मुलांना परत द्यावा लागेल. मग प्रशिक्षित शिक्षक, जाड गाद्या आणि मुलामुलींचा एकत्र वर्ग.

टागोरांनी 1931 मध्ये कोलकात्याला हेच सुचविले होते. शहराने टाळ्या वाजविल्या आणि ते घरी गेले. या वेळी तरी तेवढ्यावर समाधान मानू नये.